"भूक लागली की खाईल," म्हणे!

सकाळपासून डोकं फिरलंय. मैत्रिणीने कॉकटीलचं, म्हणजे तुरेवाल्या छोट्या पोपटाचं पिल्लू आणलंय, जेमतेम सात आठवड्यांचं. देणाऱ्याने सोबत सल्लाही दिला: "आता सिरिंजने भरवणं बंद करा. भूक लागली की आपोआप खाईल." कालपासून ते पिल्लू कोपऱ्यात बसून पंख थरथरवतंय, मान वरखाली करतंय, आणि ही मला व्हिडिओ पाठवून विचारते, "नाचतंय का गं?"

नाही गं. खायला मागतंय.

आमच्या कॉकटीलच्या, चिंगीच्या वेळी हेच वाक्य मी ऐकलं होतं. खरंही मानलं होतं. चार दिवस वाटी बघून मी खूश, सालपटं पडलेली, दाणे विखुरलेले, चोच सारखी चालू. खातेय की! पाचव्या दिवशी सहज हातात घेतली तर छातीचं हाड बोटाला सुरीच्या पात्यासारखं लागलं. काट्यावर ठेवली. ८८ ग्रॅमची ७३ झाली होती.

पिल्लू दाणा फोडतं, चोचीत फिरवतं आणि टाकून देतं. ते शिकत असतं, पोटात काही जात नसतं. वाटी बघून काहीच कळत नाही. गळ्याखालची अन्नाची पिशवी, क्रॉप, रात्री झोपताना बोटांना भरलेली लागली तर ते जेवलं. उडायला लागताना पिल्लं थोडं वजन स्वतःच उतरवतात, दहा टक्क्यांच्या आसपास, ते ठीक. चिंगीचं सतरा टक्के गेलं होतं!

मान्य, गरज नसताना महिनोन्महिने भरवत राहणंही बरं नाही. आठ-दहा आठवड्यांत बहुतेक कॉकटील स्वतः खायला लागतात, हेही खरं. पण पिल्लू काय कॅलेंडर बघून मोठं होतं? आपण बाळाचं दूध असं एका रात्रीत तोडतो का?

आणि "हाताने भरवलं की लळा लागतो" म्हणत अर्धवट वाढलेली पिल्लं नवख्यांच्या हाती देणाऱ्यांचा तर मला संताप येतो. फीड, म्हणजे सिरिंजने भरवायचं पातळ अन्न, जास्त गरम झालं तर क्रॉप आतून भाजतो. गार झालं तर आतच साचून आंबतं. घाईत श्वासनलिकेत गेलं तर पिल्लू हातातच जातं. हे कोण सांगतं त्यांना? लळा लागायला पिल्लू जगायला तर हवं!

चिंगीचं फीड मी पुन्हा सुरू केलं. सकाळी आणि रात्री सिरिंज, मधल्या वेळात उकडलेला मका, किसलेलं गाजर, राळ्याचं कणीस. मी शेजारी बसून तोच मका खायचे, ती टक लावून बघायची. मग एका सकाळी तिने सिरिंज चोचीने बाजूला सारली आणि तुरतुरत वाटीकडे गेली. दहावा आठवडा संपत आला होता. रात्रीचं फीड त्यानंतरही बरेच दिवस हवं असायचं. दिलं. काय बिघडलं?

तर बाई, आज रात्री त्याला फीड दे. फीडमध्ये थर्मामीटर लाव, ३९-४० अंश सेल्सिअस, हाताच्या अंदाजावर जाऊ नकोस. सकाळपर्यंत क्रॉप रिकामा झाला नाही किंवा ते मलूल वाटलं, तर थेट पक्ष्यांच्या डॉक्टरकडे. नाहीतर उठल्याउठल्या, खायच्या आधी वजन कर आणि मला ग्रॅममध्ये सांग. कितीही वाजले तरी फोन कर, मी जागी आहे.