ओलं जळण टिकत नाही, धुमसतं

नमस्कार दादा, तुमची कॉमेंट दोनदा वाचली. ओल्या जळणानं स्टोव्हच्या पाईपात आग लागते असं मी लिहिलं, त्यावर तुम्ही म्हणताय मी उगाच भीती घालतोय, तुमच्या आजोबांनी खानापूरकडच्या घरात जन्मभर ओलंसुकं मिळेल ते जाळलं, धुराडं कधी खरवडलं नाही, आणि पावसाळ्यात ओला ओंडका लावून हवा कोंडली की स्टोव्ह रात्रभर चालतो.

आजोबांच्या चुलीला पाईप होता का हो? आमच्याकडे तरी नव्हता. धूर घरभर फिरून कौलांच्या फटीतून जायचा, वाशांवर काजळी धरायची, आजीचे डोळे त्यातच गेले. आता तुमच्याकडे बंद लोखंडी स्टोव्ह आहे, सगळा धूर त्या एका पत्र्याच्या पाईपातून जातो आणि तिथं साधारण 120 डिग्रीच्या खाली गार झाला की त्यातला डांबरासारखा अंश आतून चिकटतो, तेच क्रिओसोट, आणि हाच थर पुढं पेट घेतो. ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाच्या निम्म्यापर्यंत पाणी असू शकतं, आगीची बरीच ताकद ते उकळण्यातच जाते, वर तुम्ही हवा कोंडता, मग धूर जास्त आणि ऊब कमी.

गेल्या श्रावणात आमच्याच पाईपातला थर पेटला, पहाटे घोंघों आवाज सुरू झाला, पत्रा लाल दिसायला लागला. दार आणि हवेची झडप घट्ट बंद केली, पोरांना बाहेर काढलं. पाणी मारलं नाही, तापल्या चिमणीवर पाणी पडलं की ती तडकते आणि वाफ अंगावर येते. गार झाल्यावर पाईपाचा वळणाचा कोपरा काढून बघितला तर काहिलीच्या तळाला गूळ करपून बसतो ना, तसा काळा चकचकीत थर, ब्रशनं हलेना. हे झालं ते माझ्याच ओल्या जळणानं, म्हणून एवढं कळकळीनं लिहितोय.

दिवाळीला लाकूड फोडून पत्र्याखाली, बाजू उघड्या ठेवून रचलं की मिरगापर्यंत सहा-सात महिने मिळतात. दोन ढलप्या एकमेकीवर आपटा, सुकी ठणकते, ओली थप्प वाजते. पाणी 20 टक्क्यांच्या खाली पाहिजे. आग लहान ठेवा पण भडकती ठेवा, पेटवल्यावर पहिली पंधरा मिनिटं तरी हवा पूर्ण उघडी. आणि थर निघावा म्हणून आगीत मीठ टाकतात ते सोडा, थर निघत नाही, पत्रा मात्र गंजतो.

या रविवारी स्टोव्ह पूर्ण गार असताना कोपरा काढून टॉर्च मारा. थर 3 मिमी झाला असेल तर ब्रश मारल्याशिवाय पेटवू नका, आणि काय दिसलं ते इथं नक्की लिहा.