जॅकी रॉबिन्सनची अर्धीच गोष्ट

दरवर्षी 15 एप्रिलला मेजर लीग बेसबॉलचे सगळे खेळाडू एकाच नंबरची जर्सी घालून मैदानात उतरतात. 42. जॅकी रॉबिन्सनचा नंबर. 1947 साली याच तारखेला ब्रुकलिनच्या एबेट्स फील्डवर तो डॉजर्स संघाकडून पहिल्यांदा खेळला आणि 1880 च्या दशकापासून गोऱ्यांनी स्वतःपुरती राखून ठेवलेली लीग एका कृष्णवर्णीय खेळाडूसाठी उघडली. 1997 मध्ये हा नंबर सगळ्या संघांनी मिळून कायमचा निवृत्त केला. एवढा मान बेसबॉलमध्ये दुसऱ्या कुणालाच मिळालेला नाही. मला हा दिवस आवडतो. इथे न्यू जर्सीत आमच्या मुलांना शाळेत त्याची गोष्ट सांगतात, तेही आवडतं. पण ती गोष्ट जिथे आणून थांबवतात, ते मला दरवर्षी जास्त खटकतं.

शाळेतली गोष्ट अशी. डॉजर्सचे प्रमुख ब्रँच रिकी यांनी 1945 मध्ये जॅकीला ऑफिसात बोलावलं, त्याच्या तोंडावर घाणेरड्या शिव्या देऊन त्याची परीक्षा घेतली आणि काहीही झालं तरी उलटून बोलायचं नाही, हात उचलायचा नाही, असं कबूल करून घेतलं. जॅकीने शब्द पाळला. फिलाडेल्फियाच्या संघाचा मॅनेजर (म्हणजे मुख्य प्रशिक्षक) बेन चॅपमन आणि त्याचे खेळाडू जातीवरून, रंगावरून वाट्टेल ते बोलत राहिले, जिवे मारण्याच्या धमक्यांची पत्रं आली, पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, अंगावर चेंडू मारत राहिले, आणि हा खाली मान घालून खेळत राहिला. पहिल्याच वर्षी सर्वोत्तम नवोदित खेळाडू, 1949 मध्ये फलंदाजीच्या .342 सरासरीने लीगचा सर्वोत्तम खेळाडू. आणि मग अमेरिका बदलली.

यातलं काहीही खोटं नाही. फक्त गप्प बसणं हा त्याचा स्वभाव असल्यासारखं सांगतात, आणि तिथे माझं भांडण आहे. ती एका कामासाठी, काही वर्षांपुरती स्वीकारलेली अट होती. त्या अटीच्या आधीचा जॅकी पाहा. 1944 साली टेक्ससमधल्या कॅम्प हूड इथे तो सैन्यात लेफ्टनंट होता. तिथल्या बसमध्ये ड्रायव्हरने त्याला मागे जाऊन बसायला सांगितलं. तो हलला नाही. प्रकरण कोर्ट मार्शलपर्यंत गेलं, तो निर्दोष सुटला. नागरी हक्कांच्या चळवळीतल्या रोझा पार्क्स यांनी माँटगमरीच्या बसमध्ये जागा सोडायला नकार दिला तो 1955 मध्ये, म्हणजे याच्या 11 वर्षांनंतर. रिकींनी निवडला तो असा माणूस. ज्याला चीडच येत नाही त्याच्याकडून संयमाचं वचन घ्यायची गरज पडली नसती.

शिवाय त्याचा राग मैदानावर लपत नव्हता, पायांत उतरत होता. गोऱ्यांच्या लीगमध्ये तेव्हा होम रनची वाट पाहत बसायचा जमाना होता. जॅकी निग्रो लीगमधून, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या लीगमधून, कॅन्सस सिटी मोनार्क्स या संघाचा वेगवान, धाडसी खेळ घेऊन आला. बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या टप्प्यावर, उभा राहिला की पुढे-मागे नाचायचा, धावतो-धावतो असं दाखवून पिचरला हैराण करायचा. कारकिर्दीत 19 वेळा त्याने होम प्लेट चोरली, म्हणजे चेंडू टोलवला जायची वाट न पाहता शेवटच्या टप्प्यापर्यंत धावत सुटून धाव मिळवली. 1955 च्या वर्ल्ड सिरीजच्या (विजेतेपदाच्या अंतिम मालिकेच्या) पहिल्या सामन्यात यँकी स्टेडियमवर वयाच्या 36 व्या वर्षी तो होमकडे सुटला, अंपायरने त्याला सेफ ठरवलं आणि कॅचर योगी बेरा अंपायरसमोर अक्षरशः थयथयाट करत राहिला. ते चित्रण आजही सापडतं, जरूर बघा. त्या धावण्यात नम्रपणा शोधूनही सापडणार नाही.

(आपल्यापैकी जे किराणा घ्यायला जर्सी सिटीच्या न्यूअर्क अव्हेन्यूला जातात, त्यांच्यासाठी: 18 एप्रिल 1946 ला डॉजर्सच्या खालच्या लीगमधल्या माँट्रियल रॉयल्स संघाकडून त्याचा पहिला सामना झाला तो जर्सी सिटीच्याच रूझवेल्ट स्टेडियमवर. चार हिट, त्यात एक होम रन, वर दोन बेस चोरले. ते स्टेडियम 1985 मध्ये पाडलं. जर्नल स्क्वेअरला त्याचा पुतळा उभारलाय, पिशव्या सांभाळत ट्रेन पकडायच्या घाईत आपलं तिकडे लक्ष जात नाही.)

त्याच्या येण्याने काय झालं हे समजायला तारखा बघाव्यात. 1947 ला जॅकी. 1948 ला राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी सैन्यातला वर्णभेद संपवण्याचा आदेश काढला. शाळांमधल्या वर्णभेदावर सुप्रीम कोर्टाचा निकाल आला 1954 ला. एकामुळे दुसरं घडलं असं मी म्हणत नाही. पण लाखो गोऱ्या घरांत रेडिओवर रोज संध्याकाळी एका काळ्या माणसाचं नाव ऐकू येत होतं आणि तो आपल्या संघाला जिंकून देत होता, हे कायद्याच्या आधी घडत होतं. मार्टिन ल्यूथर किंग यांनी त्याच्याबद्दल म्हटलं होतं की धरणं आंदोलनं सुरू व्हायच्या आधीच हा माणूस धरणं धरून बसला होता. किंग यांना त्याच्यात सोसणारा नाही, लढणारा दिसला.

आणि अट संपल्यावर तो खरंच बोलू लागला. अंपायरशी वाद घातले, वेगळ्या हॉटेलांत राहायला नकार दिला. लगेच वर्तमानपत्रांचा सूर फिरला. काल ज्याच्या संयमाचं कौतुक होतं तो आज उद्धट झाला, कृतघ्न झाला. खेळ सोडल्यावर तो वर्तमानपत्रात सदर लिहायचा, नागरी हक्कांच्या चळवळीसाठी पैसे उभे करायचा. तुरुंगात टाकलेल्या कार्यकर्त्यांच्या जामिनासाठी 1963 मध्ये त्याने आणि पत्नी रेचेलने आपल्या घरच्या अंगणात जॅझची मैफल भरवली. 1964 मध्ये हार्लेममध्ये फ्रीडम नॅशनल बँक सुरू करण्यात तो पुढे होता, कारण काळ्या माणसाला कर्ज द्यायला इतर बँका तयार नसत.

त्याचं सगळंच मला पटतं असं नाही. 1949 मध्ये कम्युनिस्टांची चौकशी करणाऱ्या संसदीय समितीपुढे जाऊन तो डाव्या विचारांचे कृष्णवर्णीय गायक पॉल रोबसन यांच्या विरोधात बोलला. 1960 मध्ये त्याने राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत रिपब्लिकन उमेदवार निक्सनचा प्रचार केला. पण पुढे आत्मचरित्रात त्याने स्वतःच लिहिलं की आज बोलावलं तर मी त्या समितीपुढे जाणार नाही आणि रोबसन यांच्याबद्दल माझा आदर वाढलाय. एवढा मोठा माणूस जाहीरपणे असं लिहितो, हे मला त्याच्या कुठल्याही विक्रमाइतकंच मोठं वाटतं.

त्याच आत्मचरित्रात, 1972 मध्ये, त्याने लिहिलं की मी उभा राहून राष्ट्रगीत गाऊ शकत नाही, ध्वजाला सलामी देऊ शकत नाही, कारण गोऱ्यांच्या जगात मी एक काळा माणूस आहे हे मला ठाऊक आहे. 42 नंबरच्या जर्सी विकताना हे वाक्य कुणी छापत नाही. 2016 मध्ये अमेरिकन फुटबॉलपटू कॉलिन केपरनिक वर्णभेदाच्या निषेधात राष्ट्रगीताच्या वेळी गुडघ्यावर बसला तेव्हा त्याला देशद्रोही म्हणणारे अनेक जण जॅकीला आदर्श मानत होते. आणि 2025 च्या मार्चमध्ये संरक्षण खात्याच्या वेबसाइटवरून जॅकीच्या लष्करी सेवेबद्दलचं पानच गायब झालं होतं. ओरड झाल्यावर परत आलं.

हिशेबाची दुसरी बाजूही सांगायलाच हवी. मोनार्क्सला जॅकीच्या बदल्यात डॉजर्सकडून एक डॉलरही मिळाला नाही. मेजर लीगने निग्रो लीगचे उत्तम खेळाडू उचलले आणि त्यांचे काळे मालक, मॅनेजर, प्रशिक्षक बाहेरच ठेवले. बघता बघता ती लीग संपली, तिच्या भोवतीचे धंदे बसले. 2022 च्या वर्ल्ड सिरीजमध्ये दोन्ही संघांत मिळून अमेरिकेत जन्मलेला एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. 1950 नंतर पहिल्यांदाच.

15 ऑक्टोबर 1972 ला सिनसिनाटीत वर्ल्ड सिरीजच्या वेळी त्याच्या पदार्पणाला 25 वर्षं झाली म्हणून सत्कार झाला. मधुमेहाने दृष्टी जवळजवळ गेली होती, केस पांढरे झाले होते, वर्षभरापूर्वी मोठा मुलगा मोटार अपघातात गेला होता. त्याने आभार मानले आणि तिथेच, सगळ्या देशासमोर सांगितलं की तिसऱ्या बेसच्या बाजूला एखादा काळा मॅनेजर दिसेल तेव्हा मला जास्त अभिमान वाटेल. नऊ दिवसांनी, वयाच्या 53 व्या वर्षी तो गेला. मेजर लीगमधला पहिला काळा मॅनेजर, फ्रँक रॉबिन्सन, क्लीव्हलंडच्या संघाचा मॅनेजर झाला तो 1975 मध्ये.

माझं मागणं साधं आहे. 15 एप्रिलला प्रत्येक स्टेडियमच्या मोठ्या पडद्यावर सिनसिनाटीचं ते भाषण पूर्ण दाखवा. आणि शाळेत मुलांना एबेट्स फील्डच्या आधी कॅम्प हूडची बस शिकवा.