चार सिप्रो
आज मेडिकलवर उभी होते. शेजारी विशीतली मुलगी, मान खाली, हळूच पुटपुटली, "उन्हाळी लागलीय." दुकानदाराने कात्री उचलली, कचकन पट्टी कापली, चार सिप्रो, म्हणजे सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकच्या गोळ्या, पुडीत. चिठ्ठी नाही. ताप आहे का, दिवस गेलेत का, एक प्रश्न नाही. माझं डोकंच सटकलं.

गेल्या मे महिन्यात हीच कात्री आमच्या घरावर चालली. आईची उन्हाळी कोकम, शहाळं, धन्याचं पाणी करूनही थांबेना, म्हणून चार सिप्रो आणल्या. दोन घेतल्यावर जळजळ गेली. "माका आता बरा वाटता, मगे कित्याक खाव?" उरलेल्या दोन बिस्किटाच्या डब्यात. तेराव्या दिवशी हुडहुडी भरून ताप, कमरेत कळ. कणकवलीला नेलं. लघवीच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून बघायची तपासणी) ई. कोलाय हे जंतू, आणि सिप्रोफ्लॉक्सासिनसमोर आर, रेझिस्टंट. म्हणजे त्या जंतूंना सिप्रो म्हणजे खारे शेंगदाणे!

नायट्रोफ्युरँटॉइन या दुसऱ्या अँटिबायोटिकसमोर एस, म्हणजे ते लागू पडेल, हे बघून मी खूश. डॉक्टर म्हणाले, ती मूत्राशयापुरती. हे किडनीपर्यंत गेलंय, आता इंजेक्शनं. साध्या उन्हाळीला तीच गोळी दिवसातून दोनदा, जेवणानंतर, पाच दिवस. नाहीतर फॉस्फोमायसिनची ३ ग्रॅमची पुडी पाण्यात ढवळून एकदाच. एकदाच हो! आणि आम्ही अजून सिप्रो सिप्रो करतोय. साध्या लघवीच्या संसर्गाला दुसरं औषध चालत असेल तर सिप्रोच्या वाटेला जाऊ नका, स्नायुबंध आणि नसांना इजा होऊ शकते, असं अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, २०१६ मध्येच बजावलंय.

सात दिवस इंजेक्शनं. ऐन आंब्याच्या पेट्या भरायच्या दिवसांत रोज एसटी, मांडीवर आईचं डोकं.

हो, मान्य, डॉक्टर लांब, कल्चरचा रिपोर्ट दोन-तीन दिवसांनी, आणि तोवर जीव जातो. डॉक्टरही तोवर अंदाजानेच गोळी सुरू करतात. पण निदान ताप तरी विचारतात ना!

दुकानदाराला झापणारच होते. पण त्या तापाच्या रात्री दोन वाजता शटर उघडून पॅरासिटामॉल देणाराही हाच. गिळलं. मुलीच्या मागे स्टँडपर्यंत गेले.

"ताप आहे का गं?"

"नाही काकू."

"गोळी घ्यायच्या आधी डॉक्टरकडे जा, लघवी तपासायला दे."

तिने मान हलवली, बहुतेक मला कटवायला. पुडी मुठीत घट्ट.

घरी येऊन डबा उघडला. त्या दोन सिप्रो अजून तिथेच. "टाकू गे?" विचारलं, तर आई म्हणते, "ऱ्हवांदेत गो, कोणाच्या तरी उपयोगाक येतीत."