नुसत्या ‘कॉलेजच्या मैत्रिणी’ नाहीत त्या

जुलै २०२४ मध्ये कमला हॅरिस डॅलसला अल्फा काप्पा अल्फा या कृष्णवर्णीय बायकांच्या, विद्यापीठात सुरू झालेल्या संघटनेच्या अधिवेशनात बोलल्या. समोर गुलाबी-हिरव्या कपड्यांतल्या हजारो बायका. तो व्हिडिओ मी एका ग्रुपवर टाकला, तर उत्तर आलं, ‘कॉलेजच्या मैत्रिणी दिसतायत.’ मला ते फार लागलं, म्हणून हे लिहितेय.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या अशा संघटनांत पदवी मिळाली की नातं संपत नाही, सभासदत्व जन्मभराचं असतं. १९०६ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात सात कृष्णवर्णीय मुलांनी अल्फा फाय अल्फा काढली, कारण गोऱ्या मुलांच्या संघटनांत त्यांना थारा नव्हता. १९०८ मध्ये वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात मुलींची अल्फा काप्पा अल्फा आली. तिथेच जानेवारी १९१३ मध्ये २२ जणींनी डेल्टा सिग्मा थीटा स्थापन केली, आणि दोन महिने व्हायच्या आत त्या स्त्रियांच्या मताधिकाराच्या मोर्चात उतरल्या. कृष्णवर्णीय बायकांनी शेवटी चालावं असा दबाव होता, रस्त्यावर हुर्यो होत होती. तरी गेल्या.

पण मला सगळ्यात जवळचा वाटतो तो अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मिसिसिपी राज्यातला दवाखाना. १९३५ चा उन्हाळा. अल्फा काप्पा अल्फाच्या बायका, त्यांत डॉक्टर, नर्स, शिक्षिका, स्वतःच्या मोटारी चालवत तिथे पोचल्या. प्रमुख होत्या डॉ. डोरोथी फेरेबी. कापसाच्या मळ्यांवर बटाईने राबणारी कुटुंबं दवाखान्यात येतील अशी अपेक्षा होती, पण मळेवाल्यांना वाटलं, या बायका मजुरांना भडकवणार. त्यांनी माणसांना सोडलंच नाही. मग या बायकांनी सामान परत गाड्यांत भरलं आणि दवाखानाच मळ्यावर नेला. पोरांना देवीची, घटसर्पाची लस टोचली, दात तपासले, आयांना खाण्यापिण्याचं समजावून सांगितलं. १९४२ पर्यंत बहुतेक उन्हाळ्यांत त्या येत राहिल्या. स्वतःची सुट्टी घालवून!

या संघटनांत रॅगिंगही झालं, त्यात मुलांचे जीवही गेले. १९९० मध्ये नव्यांना सभासद करून घेण्याआधी राबवण्याची जुनी पद्धत सगळ्यांनी मिळून बंद केली, तरी चोरून चालूच राहिली. जन्मभराच्या नात्याची सुरुवात मारहाणीने करणाऱ्यांना मी कधीच माफ करणार नाही. फेरेबींच्या मोटारीत जागा मिळवायला कुणाला मार खावा लागला नव्हता. हातात लस टोचायचं कसब आणि एवढ्या लांब जायची तयारी लागत होती.