टेबलावर बसवलेला मोटरमन

नातेवाइकांच्या ग्रुपवर आज सकाळी एका महाभागाने टाकलं, 'डोक्याच्या डॉक्टरकडे जाणाऱ्याच्या हातात लोकल देतातच कशी?' खाली खिदळणारे चेहरे. तिथे उत्तर दिलं असतं तर सुप्रभातच्या गुलाबांखाली गाडलं गेलं असतं, म्हणून इथे लिहितेय. भावोजी लोकलचे मोटरमन आहेत, त्यांना विचारूनच.

लोकलखाली कुणी आलं की आपल्याला कळतं ते एवढंच, गाडी लेट. ब्रेक मारला तरी गाडी जागच्या जागी थांबत नाही. काचेतून ते माणूस शेवटपर्यंत दिसतं. मग गार्डला कळवा, स्टेशन मास्तरला कळवा, आणि रूळ मोकळा झाला की तीच गाडी पुढे काढा. मागच्या हजारोंना मस्टर गाठायचं असतं ना!

भावोजींच्या गाडीखाली पावसाळ्यात एक कॉलेजचा पोरगा आला. तेव्हापासून झोप उडाली. मध्यरात्री ताईला जाग आली की हे स्वयंपाकघरात, अंधारात बसलेले. डॉक्टरचं नाव काढलं की एकच उत्तर, "रेकॉर्डवर आलं की लाईन गेली." लाईन म्हणजे गाडी चालवायचं काम.

भीती खोटी नव्हती. मोटरमनला ए-वन मेडिकल लागतं, म्हणजे तब्येतीची सगळ्यात कडक तपासणी पास व्हावी लागते. लाईन सुटली की किलोमीटरचा भत्ता सुटतो, आणि घराचा हप्ता जातो त्यातूनच. ताईने कायदे शोधून काढले. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा म्हणतो, सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून काढता येत नाही, जुनं काम झेपत नसेल तर त्याच पगारश्रेणीत दुसरं द्यायचं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचारांची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिलाय. भावोजी म्हणाले, "कायद्याला म्हणावं हप्ता भर."

शेवटी एका फलाटाच्या टोकाशी नुसती उभी असलेली बाई बघून त्यांनी करकचून ब्रेक लावला. त्या रात्री स्वतःच म्हणाले, उद्या जाऊ या. रेल्वेच्या डॉक्टरलाही स्वतःच सांगितलं. हा माणूस तुम्हाला धोकादायक वाटतो?

हां, ज्याच्या मागे एवढे जीव बसतात त्याला तपासायलाच हवं, कबूल. पण खरं बोलला की ताटातली भाकरी जाणार असेल, तर बोलेल कोण? न झोपता, तोंड मिटून गाडी हाकणारे चालतात तुम्हाला, कारण ते कळतच नाहीत!

असो. सध्या त्यांना टेबलाचं काम दिलंय. गोळ्या चालू आहेत. भत्ता नाही, ताई डबे करून देते. पुढच्या महिन्यात परत मेडिकल आहे, लाईन मिळेल की नाही कुणास ठाऊक. काल फोनवर म्हणाले, "अगं, रात्रभर झोपलो." मला काही बोलताच येईना.

घरात असं कुणी असेल, मोटरमनच कशाला, एसटीवाला, पोलीस, नर्स, तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर लिहून ठेवा, १४४१६. फुकट आहे, मराठीत बोलतात.