आनंद आधी, चौकशी नंतर

हरवलेलं मेंढरू, हरवलेलं नाणं, उधळ्या पुत्र. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या १५व्या अध्यायात येशूनं सांगितलेले हे दाखले, म्हणजे बोधकथा, आपण संडे स्कूलपासून ऐकत आलोय. उपदेशात भर मात्र बहुतेक वेळा पापी माणसाच्या पश्चात्तापावर असतो. मला वाटतं, येशूला बोलायचं होतं ते देवाच्या आनंदाविषयी.

तो कोणाशी बोलतोय ते पाहा ना. जकातदार आणि पापी लोक त्याच्याभोवती जमलेत, आणि हा असल्यांच्या पंगतीला बसतो म्हणून परूशी व शास्त्री, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारे नि शिकवणारे यहूदी धर्मपुढारी, कुरकुरतायत. हे त्यांना दिलेलं उत्तर आहे. मेंढरानं काय केलं? काहीच नाही. नाण्याला तर आपण हरवलोय हेही कळत नाही. दिवा लावते, घर झाडते, कोपरान् कोपरा धुंडाळते ती नाणं हरवलेली बाई. आणि सापडल्यावर मैत्रिणींना, शेजारणींना बोलावते. दहातल्या एका नाण्यासाठी! देवाच्या दूतांसमोर असाच आनंद होतो, असं येशू म्हणतो. जुन्या करारातला सफन्या संदेष्टा तर सांगतो की परमेश्वर आपल्या लोकांमुळे गात उल्लास करील. गाणारा देव! यावर आपण किती कमी बोलतो.

बापाकडून घेतलेला वाटा परदेशात उडवून कंगाल झालेला उधळ्या पुत्र काय बोलायचं ते ठरवून घरी निघतो: मी पाप केलंय, मला एखाद्या चाकरासारखं ठेवा. नीट वाचा, चाकरीची गोष्ट त्याच्या तोंडून निघतच नाही. तो दूर असतानाच बाप धावलाय, गळ्यात पडून मुके घेतोय. त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत झगा, अंगठी, जोडे आणायचा हुकूम सुटतो. पैसे कुठे उडवले, हे बाप विचारत नाही. तो हिशेब थोरला भाऊ काढतो, घराबाहेर उभा राहून.

जक्कयाचंही तेच. यरीहोत उंबरावर चढलेल्या त्या जकातदाराला येशू आधी सांगतो, आज मला तुझ्या घरी उतरायचंय. अर्धी मालमत्ता गरिबांना, लुबाडलेलं चौपट परत, हे जक्कय त्यानंतर बोलतो.

मग आपल्या मंडळ्यांत, आपल्या चर्चमध्ये, हा क्रम उलटा का? दुसऱ्या धर्मात लग्न करून गेलेली मुलगी आईच्या आजारपणामुळे गावी येते, रविवारी उपासनेला मागच्या बाकावर बसते. आशीर्वाद होतो न होतो तोच कुजबुज सुरू. तिला प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर नि द्राक्षारस, द्यायचं का, यावर बैठक. शिस्त नकोच असं मी म्हणत नाही. पण त्या बैठकीआधी कुणीतरी तिला घरी जेवायला न्यावं, आणि ताटावर फक्त तिच्या आईची विचारपूस करावी.