सर, ड्रायव्हर नका घेऊ

पन्नाशीच्या आसपास पुरुषाला काहीतरी महागडं आणि बिनगरजेचं विकत घ्यावंसं वाटू लागतं. कुणी दीड लाखाची सायकल घेतो आणि तिच्यासह सिंहगडाच्या पायथ्याशी फोटो काढून घरी परततो. कुणी कॅमेऱ्याची लेन्स घेतो आणि पुढची दहा वर्षं तिच्यातून बायकोच्या माहेरची बारशी टिपतो. मला ड्रायव्हर हवा होता. गाडीवरचा नव्हे, गाडी चाकणपर्यंत मीच हाकतो. गोल्फच्या पिशवीत सर्वांत लांब दांड्याची आणि सर्वांत मोठ्या डोक्याची जी काठी असते, ती.

आता गोल्फ आणि आमचं घराणं यांचा काही संबंध नाही. पण मी वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात क्वालिटी बघतो. आमचे जर्मन गिऱ्हाईक मीटिंगमध्ये किमतीबद्दल चकार शब्द काढत नाहीत आणि सातव्या होलवर अचानक अडीच टक्के कमी करायला सांगतात. तिथे आपला माणूस हवा म्हणून मला शिकायला पाठवलं. अडीच टक्के अजून जातातच, पण आता ते माझ्यादेखत जातात.

माझी अडचण एकच. टीवरून, म्हणजे चेंडू ठेवायच्या छोट्या खुंटीवरून, मारलेला चेंडू सरळ निघतो, अर्ध्या वाटेत त्याला काहीतरी आठवतं आणि तो उजवीकडे वळतो. याला स्लाइस म्हणतात. जगातले बहुतेक हौशी गोल्फर याच रोगाने पछाडलेले आहेत आणि त्यावरचं औषध म्हणून दरवर्षी नवा ड्रायव्हर बाजारात येतो. प्रत्येक नवा ड्रायव्हर मागच्यापेक्षा दहा यार्ड लांब मारतो, अशी जाहिरात असते. गेल्या वीस वर्षांचे हे दहा-दहा यार्ड जमेला धरले तर येरवड्याच्या कोर्सवरून मारलेला चेंडू आज कल्याणीनगरच्या एखाद्या बाल्कनीत, वाळत घातलेल्या पापडांत पडायला हवा. पण जाहिरातीशी गुणाकार करत बसायचं नसतं. मी पन्नास-साठ हजारांची मनाची तयारी केली, घरात वीस सांगितले आणि फिटरकडे गेलो.

फिटर म्हणजे तुमच्या उंचीला, हाताला, वेगाला कुठली काठी बसेल ते मोजून सांगणारा माणूस. हा तिशीतला मुलगा, मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेला. वडिलांनी येरवड्याला आयुष्यभर कॅडी म्हणून पिशव्या वाहिल्या होत्या. खोलीत एक जाळी, हिरवी चटई, मागे जमिनीवर ठेवलेलं रडारचं यंत्र आणि समोर पडदा. भिंतीवर नवे ड्रायव्हर एका रांगेत टांगलेले. मी तिकडे बोट करणार एवढ्यात त्याने विचारलं, "सर, कंबर कशी आहे?"

मला वाटलं, विक्री करण्याआधी चौकशी करायची पद्धत असेल. पुढचे प्रश्न: आठवड्यातून किती वेळा खेळता, सराव करता का, शिकवणी घेतली होती त्याला किती वर्षं झाली. मग त्याने माझी पिशवी जमिनीवर रिकामी केली आणि एकेका काठीचा पृष्ठभाग उजेडात धरून पाहिला. चार नंबरचा आयर्न, म्हणजे धातूच्या पातळ पात्याची काठी, हातात घेऊन म्हणाला, "हा कुणी वापरलेला दिसत नाही."

"असू दे. चौदा काठ्या ठेवायच्या असतात."

"सर, नियम जास्तीत जास्त चौदाचा आहे. कमीत कमी चौदाचा नाही."

हा नियम अमेरिकेत १९३८ साली आणि ब्रिटनमध्ये पुढच्या वर्षी आला. त्याआधी काही खेळाडू वीस-पंचवीस काठ्या घेऊन निघायचे. त्यातल्या एकाही काठीचं ओझं खेळाडूच्या खांद्यावर नसे, हे कॅडीच्या मुलाने काही न बोलता फक्त पिशवी एकदा उचलून दाखवून सांगितलं. मग ग्रिप, म्हणजे काठीची मूठ. माझ्या ग्रिप घामाने गुळगुळीत होऊन चकाकत होत्या. मला ती चकाकी अनुभवाची वाटत असे. "या वर्षा-दीड वर्षाने बदलतात. निदान साबणाच्या पाण्याने धुतात तरी," तो म्हणाला. हात निसटू नये म्हणून माणूस काठी आवळून धरतो, आवळली की मनगट वळत नाही आणि मनगट वळलं नाही की काठीचं तोंड उघडं राहून चेंडू उजवीकडे जातो. साठ हजारांचा रोग साबणावर आला होता.

यानंतर त्याने माझ्या जुन्या ड्रायव्हरच्या तोंडावर पायाला मारायची पावडर फवारली. चेंडू जिथे लागेल तिथे ठसा उमटतो. मी मारत गेलो, तो पुसत आणि फोटो काढत गेला. ठसे टाचेला होते, टोकाला होते, वरच्या कडेला होते. एक ठसा तर डोक्याच्या माथ्यावर होता. मधला भाग तेवढा स्वच्छ राहिला. पडद्यावर चेंडू पडल्याच्या जागा ठिपक्यांनी दिसत होत्या. आमच्या शॉप फ्लोअरवर मोजमापांचा असा पसारा दिसला असता तर मी मशीन बंद करायला लावून ऑपरेटरला चहाला पाठवलं असतं. इथे ऑपरेटर मीच होतो आणि मशीन निर्दोष आहे असा रिपोर्ट समोर होता.

पडद्यावर एक आकडा असतो, स्मॅश फॅक्टर. चेंडूचा वेग भागिले काठीचा वेग. ड्रायव्हरला चेंडू अगदी मधोमध लागला तर तो दीडच्या आसपास येतो. माझा सव्वाच्या घरात फिरत होता. मुलगा बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिला आणि अत्यंत आदराने म्हणाला, "सर, हा ड्रायव्हर अजून तुम्ही वापरलेलाच नाही."

माणसाने इतकं खरं बोलू नये. निदान दुकान उघडून बसलेल्याने तरी.

मी मग माझा मुद्दा मांडला. तंत्रज्ञान पुढे गेलं आहे, कार्बन आहे, टायटॅनियम आहे. तो म्हणाला, गेलं आहे, पण भिंतीपर्यंत. डोक्याच्या आकारावर २००४ पासून ४६० घनसेंटिमीटरची मर्यादा आहे, तोंडाच्या उसळीवरही आहे आणि सगळ्या कंपन्या कधीच्याच त्या मर्यादेला पाठ टेकून बसल्या आहेत. मधोमध मारणाऱ्याला आता नवं देण्यासारखं फार थोडं उरलं आहे. सुधारणा होते ती चुकीच्या जागी लागलेल्या चेंडूत.

"मग मी तर चुकीच्याच जागी मारतो!" आयुष्यात इतक्या अभिमानाने मी हे वाक्य पूर्वी कधी उच्चारलं नव्हतं.

तो हसला आणि भिंतीवरचा सर्वांत नवा ड्रायव्हर काढून त्याने माझ्या हातात दिला. काय सांगू! पहिला चेंडू असा गेला की मी खिशातलं कार्ड चाचपलं. तो मात्र यंत्राची कळ दाबून ते आकडे खोडत होता. "नवी काठी हातात आली की सुरुवातीला सगळेच छान मारतात. ते मी धरत नाही." दमल्यावर मारलेले त्याने धरले. जुन्याचा उत्तम आणि नव्याचा उत्तम यांत तीन यार्डांचा फरक. ठिपक्यांचा पसारा मात्र नव्याचा मोठा, कारण किंमत वसूल करायला मी जोरही जास्त लावत होतो. मग त्याने माझा जुनाच ड्रायव्हर दिला आणि एक इंच खाली धरायला सांगितलं. पूर्वी लाकडी डोक्याच्या काळात ड्रायव्हर त्रेचाळीस इंचांचा असे. आता दुकानात मिळतो तो साडेपंचेचाळीसच्या आगेमागे, कारण लांब दांडा जाहिरातीत जास्त यार्ड देतो. फक्त तो मधोमध लागत नाही. मी एक इंच खाली धरून मारला. पावडरीत पहिल्यांदाच मध्याजवळ ठसा उमटला.

"याचे किती?" मी आशेने विचारलं.

"खाली धरायचे? काही नाही सर."

दांड्याच्या कडकपणाची तर गोष्टच वेगळी. माझ्या दांड्यावर एस, म्हणजे स्टिफ, असं लिहिलेलं आहे आणि ते अक्षर दुसऱ्याला दिसेल अशा बेताने मी पिशवी ठेवतो. तो म्हणाला, तुमच्या वेगाला आर, म्हणजे रेग्युलर, पुरेल, कदाचित त्याच्याही खालचं. खालचं म्हणजे काही कंपन्यांत सिनियर. मी गप्प झालेला पाहून त्याने सांत्वन केलं: अक्षराकडे लक्ष देऊ नका, एका कंपनीचं आर दुसरीच्या एसएवढं कडक निघतं, सगळ्यांना बांधील असं मापच नाही. हे ऐकून मी वय विसरून संतापलो. आम्ही एका बोल्टच्या आट्यांसाठी जर्मनीला खुलासे पाठवतो आणि इथे माणसाचं तारुण्य ठरवणाऱ्या अक्षराला प्रमाण नाही?

एक शेवटचा आधार उरला होता. आमचे खेळाचे सोबती ब्रिगेडियरसाहेब सात नंबरच्या आयर्नने मारतात त्यापेक्षा माझा सात नंबर चांगला वीस यार्ड पुढे जातो. हे मी त्याला सांगितलं. "साहेबांचा सेट जुना असेल," तो म्हणाला. असेलच, ऐंशीच्या दशकातला आहे. त्याने माझा सात नंबर मापकावर लावला: तोंडाचा कल एकोणतीस अंश. जुन्या सेटमध्ये सात नंबर पस्तीस अंशांच्या आसपास असायचा. अंश कमी केले की चेंडू लांब जातो आणि गिऱ्हाईक खूश होतं. म्हणजे कंपनीने जवळजवळ पाच नंबरची काठी बनवून तिच्यावर सात लिहिलं होतं आणि त्या आकड्याच्या जिवावर मी इतकी वर्षं एका निवृत्त ब्रिगेडियरला चहा पाजायला लावत होतो. वर ते हरत नाहीतच. शंभर यार्डांच्या आत आले की त्यांचा चेंडू भोकाला विचारून पडतो.

आमचा तिथेच गोंधळ. सगळ्या आयर्नचे अंश असे कमी केल्यामुळे शेवटच्या दोन काठ्यांमध्ये माझ्याकडे बारा अंशांची खिंड पडली होती. नव्वद यार्डांवरून मारायला पिशवीत काठीच नाही. तेव्हा त्याचा सल्ला असा: पन्नास अंशांचा एक वेज, म्हणजे जवळून चेंडू उंच उडवायची काठी, घ्या, वापरलेला चालेल. ग्रिप बदला. पटर, म्हणजे चेंडू भोकात ढकलायची काठी, तुमच्या उंचीला कापून देतो, कारण ७२ च्या पारमध्ये, म्हणजे पूर्ण फेरीसाठी ठरलेल्या फटक्यांत, ३६ फटके पटरचे धरलेले असतात आणि ड्रायव्हर फार तर चौदा वेळा निघतो. उरलेले पैसे कोचला द्या. ड्रायव्हर नका घेऊ.

घरी आलो तर बायको दारात. मी रिकाम्या हातांनी परतलो यावर तिचा विश्वास बसेना. तिने गाडीची डिकीही पाहिली. सगळी हकीकत ऐकल्यावर म्हणाली, "त्या मुलाचा नंबर दे. सोफ्याचंही त्यालाच विचारू." आईने मात्र मूळ प्रश्नाला हात घातला.

"तुझा चेंडू जातो तरी किती लांब?"

"एकशे नव्वद यार्ड."

"यार्ड म्हणजे वारच ना? म्हणजे एकवीस नऊवारी लुगडी लांब." तिने डोळे मिटून ती मनातल्या मनात वाळत घातली असावीत. "पुष्कळ झालं की रे. अजून कुठे पाठवायचाय?"

हौशी पुरुष खेळाडूंचा ड्राइव्ह सरासरी सव्वादोनशे यार्डांच्या आसपास जातो, हे मी तिला सांगितलं नाही. चार लुगडी कमी पडतात हे कळलं असतं तर तिने मलाच बोल लावला असता.

ग्रिप बसवून आणायला पुन्हा गेलो तेव्हा मुलगा पटरचा दांडा कापत होता. कोपऱ्यात एक पिशवी टेकवून ठेवलेली होती. त्यातल्या ड्रायव्हरवर कापडी टोपण होतं. रिकामा वेळ वाईट. मी ते काढून पाहिलं. यंदाचाच ड्रायव्हर. भिंतीवर टांगलेला, मला नाकारलेला, तोच.

"ही पिशवी कुणाची?"

करवतीचा आवाज थांबला. "माझी, सर."

"आणि हा?"

"आला त्याच दिवशी घेतला." कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"जुन्यापेक्षा किती लांब जातो?"

खोटं बोलणं त्याला जमत नाही, हे त्याचं दुखणं मला आता ठाऊक होतं. त्याने दांडा खाली ठेवला, हातावरचा भुसा झटकला.

"चार यार्ड. कधी कधी तीन." मग मात्र पुढे आला, ड्रायव्हर माझ्या हातातून घेऊन चटईवर उभा राहिला आणि म्हणाला, "पण सर, आवाज ऐका ना एकदा. काय येतो!"